बालगंधर्व : उतारवयातले सूर आणि सेवा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला, हे आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे आणि ‘मानापमान’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. या मालिकेतले सर्वांत लाडके नाव मात्र नाटककाराचे नसून नटाचे आहे. ते म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

बालगंधर्वांच्या तारुण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे भरजरी शालू, त्यांची चाल, त्यांचा लडिवाळ गळा यांची वर्णने वाचताना आजही मन हरखून जाते. परंतु बहुतेक लेख त्या वैभवापाशी रेंगाळतात आणि म्हातारपणाचा भाग हळहळ व्यक्त करून दोनचार ओळींत उरकतात. प्रस्तुत लेखात त्यांचे सगळे चरित्र थोडक्यात सांगून मला त्या शेवटच्या भागाकडे वळायचे आहे. शरीर थकलेला, परावलंबी झालेला कलावंत, त्याच्याजवळ उरलेला सूर आणि त्याची सेवा करणारे माणूस, या तिघांचे नाते त्या भागात दिसते. आज आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजारी आणि विसराळू झालेली वडीलधारी माणसे आहेत. अशा घरांना या चरित्रातून काही घेता येईल, असे मला वाटते.

नागठाणे ते मिरज

राजहंस घराणे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. नागठाणे आज पलूस तालुक्यात आहे. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची, पण गळा देवाने दिलेला. नारायण दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. एखाद्या थोर माणसाने सहज उच्चारलेला शब्द आयुष्यभराचे नाव होऊन बसावा, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

पुढे जळगावला मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कानी हा मुलगा गेला. नारायणाला कानाचा त्रास होता, ऐकू कमी येत असे. महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवले. त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम मिरजेत होता. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तल्यापासून मंडळीला गाणाऱ्या स्त्रीपार्टीची उणीव भासत होती. नारायणाचे नाव पुढे आले आणि १९०५ साली मिरजेतच ‘शाकुंतल’ नाटकातील शकुंतलेच्या वेषात सतरा वर्षांचा नारायण राजहंस प्रेक्षकांपुढे उभा राहिला.

आपल्या गावाहून मिरजेला आपण कितीदा तरी जातो. कोणी दवाखान्यासाठी, कोणी रेल्वेसाठी, कोणी तंबोरा किंवा सतार दुरुस्त करून आणण्यासाठी. दवाखाने आणि तंतुवाद्ये या दोन्हींसाठी नावाजलेल्या याच गावात कानाच्या दुखण्यावर इलाज करायला आलेला मुलगा मराठी संगीत नाटकाचा कंठ झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वैभवाचे दिवस

किर्लोस्कर मंडळीत असताना त्यांना भास्करबुवा बखले यांच्यासारखे गुरू लाभले. बुवांनी त्यांच्या गोड गळ्याला शास्त्राची बैठक दिली. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी कन्या वारली. प्रयोग रद्द करावा असे सगळ्यांना वाटत होते. परंतु नारायणराव रंगभूमीवर उभे राहिले, भामिनीची भूमिका केली आणि प्रेक्षकांना दुःखाचा मागमूस लागू दिला नाही. या प्रसंगाकडे कोणी कर्तव्यनिष्ठा म्हणून पाहील, कोणी कठोरपणा म्हणून. मला वाटते, गाणे हा त्यांचा केवळ व्यवसाय नव्हता. दुःख पेलण्यासाठीही त्यांना गाण्याचाच आधार होता. ही गोष्ट त्यांच्या शेवटच्या दिवसांत पुन्हा दिसून येते.

१९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढची वीस वर्षे ही मंडळी म्हणजे महाराष्ट्राचे एक वेडच होते. ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’, ‘संशयकल्लोळ’, ‘मृच्छकटिक’, ‘द्रौपदी’, ‘कान्होपात्रा’ अशी एकाहून एक सरस नाटके झाली. ‘स्वयंवर’ला भास्करबुवांनी चाली दिल्या. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ. नाटकगृहात अत्तराचा सुगंध दरवळे, रंगभूमीवर खरे शालू आणि खरे दागिने येत. बायका नारायणरावांना पाहून लुगडे नेसण्याची नि अंबाडा घालण्याची ढब शिकत. पुरुषाने स्त्रीची भूमिका करावी आणि स्त्रियांनीच त्याचे अनुकरण करावे, असे दृश्य जगाच्या रंगभूमीवर क्वचितच दिसले असेल.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला संयुक्त ‘मानापमान’ ही तर आख्यायिकाच होऊन बसली. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले आणि बालगंधर्व, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगभूमीवर आले. कलेतली स्पर्धा राष्ट्रकार्यापुढे बाजूला ठेवण्याचा हा प्रसंग आजच्या तरुणांनी जरूर आठवावा.

या सगळ्या भूमिकांत एका भूमिकेचा उल्लेख मी मुद्दाम राखून ठेवला होता. ती म्हणजे ‘एकच प्याला’तील सिंधू. राम गणेश गडकरी यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, बडोद्याला रंगभूमीवर आले. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व या नाटकात फाटके लुगडे नेसून आले. दारूने वाया गेलेल्या नवऱ्याची साथ शेवटपर्यंत न सोडणारी, जात्यावर दळण दळून घर चालवणारी सिंधू त्यांनी उभी केली आणि प्रेक्षागृहे रडली. सेवा करणाऱ्या बाईचे कष्ट काय असतात, हे या पुरुषाने रंगभूमीवर शेकडो वेळा भोगून दाखवले. पुढे स्वतःच्या आयुष्यात मात्र त्यांच्या वाट्याला सेवा घेणाऱ्याची भूमिका आली.

पडता काळ

नारायणरावांना पैसा मिळवता आला, राखता आला नाही. नाटक उत्तम झाले पाहिजे, मग खर्च कितीही होवो, हा त्यांचा खाक्या. व्यवहारात लक्ष नाही, माणसांवर आंधळा विश्वास. भागीदार एकेक करून दूर झाले आणि कंपनी कर्जात बुडाली. पण कर्ज झुगारून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. काही वर्षे अखंड प्रयोग करून त्यांनी देणी फेडली. हा गुण त्यांच्या गाण्याइतकाच मोठा मानला पाहिजे.

एवढ्यात काळ बदलला. १९३१ साली हिंदी चित्रपट बोलू लागला, १९३२ साली मराठी. तिकिटाचे थोडे पैसे टाकून लोक चित्रपट पाहू लागले आणि रात्रभर चालणारी संगीत नाटके मागे पडली. १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात शांतारामबापूंनी त्यांना एकनाथांची भूमिका दिली. स्त्रीवेषाविना बालगंधर्व लोकांनी पाहिले, परंतु कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्याने अभिनय करणे त्यांना मानवले नाही. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही, एकाच जागेला पुन्हा पुन्हा नव्याने सजवायची मोकळीक नाही. नाटकात एकेका पदाला कितीतरी वन्समोअर घेणारा हा गायक. त्याचा जीव स्टुडिओत रमणार कसा? ते पुन्हा रंगभूमीकडे परतले. वय पन्नाशीकडे झुकले होते, शरीर स्थूल झाले होते आणि जुनी माणसे पांगली होती.

गोहरबाई

अशा वेळी, १९३८ च्या सुमारास, गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. गोहरबाई विजापूरकडच्या बिळगीच्या, गाण्याबजावण्याच्या घरातल्या. त्यांच्या भगिनी अमीरबाई कर्नाटकी पुढे ‘किस्मत’ चित्रपटातील गाण्यांनी घरोघर पोहोचल्या. गोहरबाईंनी स्वतः चित्रपटांत कामे केली होती. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांनी ती गायकी आत्मसात केली होती, असे सांगतात. नकाशा काढून पाहिला तर आपला तालुका नागठाणे आणि बिळगी यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. पश्चिमेला कृष्णाकाठचा मराठी मुलूख, पूर्वेला जतपलीकडे कानडी मुलूख. दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना या दोघांची भेट परकी वाटू नये.

गोहरबाई मंडळीत स्त्रीभूमिका करू लागल्या. ज्या मंडळीने पुरुषाच्या स्त्रीवेषावर कीर्ती मिळवली, तिच्यात खरी स्त्री उभी राहिली. ही क्रांतीच होती, पण ती सर्वांना रुचली नाही. नारायणरावांचे बंधू आणि जुने सहकारी दुरावले. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते.

समाजाने गोहरबाईंना क्षमा केली नाही. ती मुसलमान, ती नटी, तिने आमच्या देवाला आमच्यापासून तोडले, असा सूर त्या काळच्या महाराष्ट्रात होता. कंपनीच्या ऱ्हासाचे खापरही त्यांच्या माथी फोडण्यात आले. त्यांच्या स्वभावाविषयी, व्यवहाराविषयी दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. तो वाद येथे वाढवायचा नाही. परंतु तारखा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. कंपनीची पडझड बोलपट आल्यापासूनच, म्हणजे गोहरबाई येण्यापूर्वीच, सुरू झाली होती. आणि त्या आल्या तेव्हा लुटण्यासारखे वैभव उरलेच नव्हते. उरला होता तो एक म्हातारा होत चाललेला कलावंत.

पुढे नारायणरावांच्या पायांतली शक्ती गेली. ज्या पावलांच्या एका लाडिक हालचालीवर प्रेक्षागृह डोलत असे, ती पावले जमिनीवर टेकेनात. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने त्यांच्या अभिनयाचा गौरव केला आणि त्याच सुमारास त्यांचा रंगभूमीवरचा वावर संपला. पाय गेलेल्या माणसाचे सगळेच दुसऱ्याने करावे लागते. उठवणे, बसवणे, अंघोळ, कपडे, जेवण, औषधपाणी. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना याची वेगळी फोड करून सांगायला नको. बालगंधर्वांचे हे सारे गोहरबाईंनी केले. घरात पूर्वीचे नोकरचाकर नव्हते आणि मिळकतही बेताची होती.

तरीही गाणे थांबले नाही, आणि गंधर्वांच्या उत्तरायुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते. ते भजनाचे कार्यक्रम करू लागले. त्यांना उचलून आणून व्यासपीठावर बसवावे लागे. मग पेटी-तबल्याचे सूर जुळत आणि तो म्हातारा गाऊ लागे. पूर्वीचा दम नव्हता, आवाजाची धारही नव्हती, पण लय आणि भाव जागेवर होते. नाटकातली संतपदे आणि अभंग ऐकायला लोक येत. कोणी जुन्या आठवणींसाठी, कोणी दर्शनासाठी. घरखर्चाला त्यातून मदत होई हे खरे. परंतु ज्या माणसाला आपण होऊन कूसही बदलता येत नाही, त्याला समोर बसलेल्या माणसांना काहीतरी देता येते, ही जाणीव पैशाहून मोठी होती. त्या तासापुरता तो कोणाच्या दयेवर जगणारा रुग्ण नसे. तो बालगंधर्व असे.

आणि हे घडून येण्यामागे गोहरबाई होत्या. त्या स्वतः गायिका होत्या. कोणते पद कोठे खुलते, श्वास कोठे कमी पडतो, हे त्यांना परक्या नर्सपेक्षा अधिक कळत असणार. सेवा करणाऱ्याला रुग्णाची आवड ठाऊक असणे याला औषधाइतकेच मोल असते.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात नव्या नाट्यगृहाची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवण्यात आली. १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच १९६४ साली गोहरबाई वारल्या. राष्ट्राने कलावंताचा सन्मान केला त्याच वर्षी त्याला सांभाळणारे माणूस निघून गेले. त्या माणसाला कोणताही किताब मिळाला नाही. सुमारे सव्वीस वर्षांच्या सोबतीचा कोणी जाहीर सत्कार केला नाही.

त्यानंतर नारायणराव तीन वर्षे जगले. शेवटी ते अंथरुणाला पूर्ण खिळले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बरोबर पुढल्या वर्षी, २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीच्या दिवशी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

सूर शिल्लक राहतो तो का?

बालगंधर्वांचे दुखणे मुख्यतः पायांचे होते. पण त्यांच्या चरित्रातून जी गोष्ट कळते, ती आज दुसऱ्या एका मोठ्या आजाराच्या बाबतीत जगभर अनुभवाला येत आहे. तो आजार म्हणजे स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वांत आढळणारा प्रकार जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सात ते आठ माणसांना हा आजार आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. आपण खेड्यात त्याला आजार म्हणत नाही. म्हातारचळ लागला, साठी बुद्धी नाठी, असे म्हणून सोडून देतो.

या आजारात नव्या आठवणी आधी पुसल्या जातात. मेंदूच्या आत, कानशिलाच्या पातळीवर, नव्या आठवणी पक्क्या करणारा एक लहानसा भाग असतो. अल्झायमरचा घाला प्रथम तेथे पडतो. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पण तरुणपणी शेकडो वेळा गायलेले गाणे मेंदूत अनेक ठिकाणी रुजलेले असते. शब्द एकीकडे, चाल दुसरीकडे, हाताचा ठेका तिसरीकडे आणि त्याच्याशी जडलेली भावना आणखी कोठे. त्यातले काही भाग पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहतात. त्यामुळे नाव विसरलेले माणूस गाण्याची पुढची ओळ मात्र विसरत नाही. गाण्याने आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र चित्त शांत होते, चिडचिड कमी होते, माणूस काही काळ आपल्यात परत येतो.

हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी घरी पाहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आजी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबली. गेली तीन वर्षे तिला काही आठवत नाही. माझ्या आईला ती आपली थोरली बहीण समजते आणि आक्का म्हणून हाक मारते. जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागते आणि नाही दिले तर रडते. आई दिवसभर द्राक्षबागेत थिनिंगच्या मजुरीला जाते आणि रात्री आजीबरोबर जागते. पण आमच्या सोप्यात जुने जाते आहे. त्याचा खुंटा आजीच्या हातात दिला की तिचा हात आपोआप फिरू लागतो आणि ओव्या येतात. विठ्ठलाच्या येतात, भावाच्या येतात, माहेरच्या वाटेच्या येतात. एकीतही शब्द चुकत नाही. तेवढा अर्धा तास आई उंबऱ्यावर टेकते, केस विंचरते, कधी एखादी ओवी आजीबरोबर म्हणते. त्या अर्ध्या तासात आजी रुग्ण नसते आणि आई नुसती सेवेकरीण नसते. सासू-सुना पूर्वी जशा दळत असतील तशा त्या दिसतात. बालगंधर्वांच्या भजनांविषयी वाचताना मला त्याचा अर्थ या जात्यामुळे लागला.

पाश्चात्त्य देशांत या अनुभवाला आता रीतसर रूप दिले जात आहे. २००६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांची सेवा करणारी माणसे यांच्यासाठी खास उपक्रम सुरू केला. त्यात दोघांनाही एकत्र बोलावले जाई, चित्रापुढे बसवले जाई आणि चित्राविषयी बोलते केले जाई. चित्र कोणाचे, कोणत्या साली काढलेले, अशी परीक्षा घेतली जात नसे. पाहून काय वाटते एवढेच विचारले जाई. रुग्णाबरोबर सेवा करणाऱ्यालाही निमंत्रण, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. आपल्या देशात १९९२ साली केरळात अल्झायमरच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि पुढे तिच्या शाखा इतरत्र निघाल्या.

आपण काय करावे?

खेड्यात संग्रहालय नाही, पण कला आहे. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. हरिपाठ, काकडा, गवळणी, भारूड, ओव्या, जुनी नाट्यपदे हे धन आपल्या म्हाताऱ्यांच्या ओठांवर आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबरच आठवड्यातून एक तास अशा एखाद्या घरी जाऊन बसलो तर? दोघे-तिघे जावे, गर्दी करू नये. वेळ ठरलेली असावी, शक्यतो सकाळची, कारण या रुग्णांची घालमेल दिवस मावळताना वाढते. त्या माणसाच्या वयाच्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षीची गाणी कोणती, हे घरच्यांना विचारून घ्यावे. आता फोनवरही जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवता येतात, पण आवाज लहान ठेवावा आणि शक्य तर आपणच गावे. ओळखले का, सांगा मी कोण, असे प्रश्न विचारू नयेत. त्याने रुग्ण खजील होतो. चुकीचा शब्द आला तर दुरुस्त करू नये. हातात टाळ द्यावा, चिपळी द्यावी.

आणि त्या एका तासात घरातल्या बाईला सांगावे की आता तुम्ही झोपा, बाजारात जाऊन या, किंवा आमच्याबरोबर बसून गा. बहुतेक घरांत हे काम बाईच्याच वाट्याला येते, आणि ते काम आहे असे कोणी म्हणत नाही. रुग्णाची चौकशी करायला येणारे लोक अंथरुणापर्यंत जातात आणि चहा पिऊन परततात. ज्या बाईने चहा केला तिला कशी आहेस म्हणून विचारत नाहीत.

बालगंधर्वांच्या चरित्रातून मी घेतलेला धडा एवढाच आहे. माणसाचे पाय जातात, पैसा जातो, आठवण जाते, तरी त्याच्यात गाणारे काहीतरी शिल्लक असते. मात्र ते आपोआप बाहेर येत नाही. त्यासाठी कोणीतरी त्याला उठवून बसवावे लागते, पेटी पुढे ओढावी लागते, समोर बसून ऐकावे लागते. पुण्यातल्या रंगमंदिराला बालगंधर्वांचे नाव आहे, ते योग्यच आहे. नागठाण्यालाही त्यांचे स्मरण होते. परंतु २६ जूनला त्यांची जयंती साजरी करताना गोहरबाईंचेही नाव आदराने घेतले जावे, आणि त्यांच्यासारख्या ज्या बाया आज आपल्या गल्लीत, वस्तीवर, मळ्यात कोणाचे तरी म्हातारपण वाहत आहेत, त्यांच्या दारी आपण एक तास गाणे घेऊन जावे, अशी माझी सर्व विद्यार्थी बंधुभगिनींना आणि गुरुजनांना नम्र विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा